पाचच्या घंटेनंतर पोर कोणाचे?



सकाळी साडेदहापासून संध्याकाळी पाचपर्यंत आपले पोर शाळेचे, म्हणजे सरकारचे. हजेरीपटावर त्याचे नाव असते, दुपारी ताटात खिचडी पडते, वर्षातून एकदा डॉक्टरांची गाडी येऊन त्याचे वजन-उंची लिहून नेते. पाचची घंटा झाली की सरकारचा आणि त्याचा संबंध तुटला. मग रात्री झोपेपर्यंतचे चार-पाच तास ते पोर कोणाचे? आईबापाचे म्हणावे, तर आईबाप अजून शेतात आहेत. वेचणीच्या दिवसांत माय दिवसभराचा कापूस बांधून, काट्यावर तोलून, दिवेलागण होऊन गेल्यावर घरी पोचते. आल्या आल्या चूल पेटवायची. तिला पोराचे तोंड नीट दिसते ते ताट वाढताना, आणि तेव्हा ते पेंगत असते.

शहरातल्या पोराचे पाचनंतर काय होते ते आपण पाहतोच. एक क्लास, एक खेळ, एक छंद, आणि सगळ्यांची फी. मोठ्या शाळांत तर पोर गप्प राहायला लागले की त्याच्याशी बोलायला पगारी माणूस असतो. याला आता 'वेलनेस' असा शब्द निघाला आहे. आम्हाला त्या शब्दाचे वावडे नाही. पोर पोटभर खाते, घाम येईपर्यंत खेळते, दुखले-खुपले तर कोणाला तरी सांगते, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. इंडियातल्या पोराला हे विकत मिळते. भारतातल्या पोराला ते फुकटही मिळत नाही आणि विकतही मिळत नाही, कारण गावात ते विकायला कोणी बसलेलेच नाही.

आपली पोरे पाचनंतर काय करतात याची मोजदाद कुठल्या खात्याकडे नसेल, गावाला मात्र ती तोंडपाठ आहे. पोरगी असेल तर धाकट्याला कडेवर घेते, पाणी भरते, आई यायच्या आत भाकरी टाकून ठेवते. पोरगा असेल तर बकऱ्या वळवून आणतो, ज्वारी हुरड्यात आली की पाखरे राखायला मचाणावर बसतो. दसऱ्यानंतर एकदा सीतादही झाली आणि पऱ्हाटी फुटली की शाळा सुटल्यावर दोघांचीही पावले शेताकडेच वळतात. आणखी एक गट आहे, तो पानटपरीच्या मागे मोबाइलवर वाकलेला असतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी मिळत नाही असे एक गाव आम्हाला दाखवा.

पोराने शेतात हात लावू नये असे आम्ही म्हणत नाही. शेतकऱ्याचे लेकरू शेत शिकले पाहिजे. परंतु शिकणे वेगळे आणि मजुरी वाचवायला राबणे वेगळे, हा फरक आपल्याला पक्का कळतो; भाव नसल्यामुळे तो आपण डोळ्याआड करतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या पऱ्हाट्या माणसाच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या आणि औषध अंगावर उतरत होते. मोठ्या माणसाचे हे झाले, तर त्याच फवारलेल्या तासातून शाळा सुटल्यावर अनवाणी चालणाऱ्या दहा वर्षांच्या पोराचे काय होत असेल, याची चौकशी त्या वर्षी झालेली आमच्या पाहण्यात नाही.

आता पोटाकडे येऊ. शाळेतला दुपारचा आहार ही चांगली योजना आहे, ती आम्ही नाकारत नाही. १९९५ साली ती सुरू झाली तेव्हा आपल्या पोरांना महिन्याला कोरडा तांदूळ मिळायचा. शिजवलेले अन्न द्या असे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, तेव्हा कुठे चूल पेटली. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या पोराला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या पोराला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. ठीक. पण खिचडी खाल्ली दुपारी एक-दीडला, आणि घरचे जेवण रात्री आठ-नऊला. मध्ये सात तास पोर कोरडे. नववी-दहावीच्या पोरांना तर या योजनेत खिचडीही नाही. म्हणजे ज्या वयात पोरगी अंगाने वाढते, जिला रक्ताची सगळ्यांत जास्त गरज, त्याच वयात ताट काढून घेतले. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींत शंभरातल्या सुमारे ५७ जणींचे रक्त कमी निघाले. सरकार त्यावर लोहाची निळी गोळी देते, आठवड्याला एक. गोळी चांगली आहे, पण ती जेवणानंतर घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली की मळमळते, पोरगी घाबरते आणि पुढच्या गोळ्या दप्तरात नाहीतर गटारात जातात. मग खाते म्हणते लाभार्थी सहकार्य करीत नाही. तिला गोळीबरोबर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा कोण देणार, हा प्रश्न त्या खात्याच्या तक्त्यात बसत नाही.

आणि पोटापेक्षा अवघड गोष्ट मनाची. ती लिहिताना हात जड होतो, पण लिहिली पाहिजे. आपल्या जिल्ह्यांत कर्जापायी माणसे गेली, अजून जातात. घरात असे झाले की कलेक्टर कचेरीतली समिती बसते, मयताचे प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. २००६ च्या शासन निर्णयाने एक लाखाची मदत ठरली, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. सातबारा पाहतात, कर्जाचा दाखला पाहतात, वसुलीचा तगादा होता की नाही ते पाहतात. त्या घरातले सहावीतले पोर चौदाव्या दिवशी पुन्हा शाळेत येऊन बसते, त्याच्याकडे कोणीच पाहत नाही. ते खेळायला जात नाही, कारण पोरे विचारतील. घरी जायची इच्छा होत नाही, कारण माय रडत असते. शाळा सुटल्यावर ते पारावर नुसते बसून राहते, आणि आपण म्हणतो, पोर फार समजदार झाले. मायबापहो, अकरा वर्षांचे पोर समजदार होत नसते, ते गप्प होते.

असे गप्प पोर फक्त मयताच्याच घरात असते असेही नाही. बाप रात्री पिऊन येतो त्या घरात असते. पिकाची पातळी गेली, बँकेची नोटीस आली, नवरा-बायको खालच्या आवाजात बोलायला लागले, त्या घरात असते. गोधडीत डोळे मिटून पोर सगळे ऐकत असते. राज्य सरकारने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प काढला, आशाताई घरोघर जाऊन शेतकऱ्याची मनःस्थिती विचारू लागल्या. चांगले केले. २०२२ पासून १४४१६ हा फुकट फोन आहे, मन खचले तर त्यावर बोलता येते. पोरांवर संकट आले तर १०९८ आहे. हे दोन आकडे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. पण फोन करायला आधी कळावे लागते की आपल्याला जे होते आहे ते सांगण्यासारखे आहे. पोराला ते कळत नाही. रोज दिसणारे, ओळखीचे, घाईत नसलेले एखादे मोठे माणूस जवळ असेल तर ते खेळता खेळता बोलून जाते. त्याला समुपदेशनाची पदवी लागत नाही. कोणते पोर तीन दिवस खेळले नाही, एवढे लक्षात ठेवणारी नजर लागते, आणि गोष्ट मोठी दिसली तर दवाखान्यापर्यंत नेण्याची तयारी.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने शाळांसाठी आरोग्याचा मोठा कार्यक्रम जाहीर केला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, एक बाई एक पुरुष, यांनी 'आरोग्यदूत' व्हायचे आणि ११ विषयांवर आठवड्याला तास घ्यायचा. विषय चांगले आहेत: मन, आहार, व्यसन, मोबाइल, सगळे आहे. महिन्याभरात कोरोनाने शाळाच बंद पडल्या. शाळा उघडल्यावर त्याच दोन शिक्षकांकडे खिचडीचा हिशोब, निवडणुकीच्या याद्या आणि रोजची ऑनलाइन माहिती होतीच. त्यात हा एक तास. तो तासही शाळेच्या वेळेतला. पाचनंतरच्या पोराला त्यात जागा नाही. शिक्षकांवर आणखी एक ओझे टाका, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही.

उलट ज्या गोष्टी खरोखर चालल्या त्या शाळा सुटल्यानंतरच्याच आहेत. बीड जिल्ह्यात आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात. पोरे आजी-आजोबांकडे झोपतात, सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतात. त्यांत बोगस नावे, उशिरा येणारे पैसे, सगळे दोष आहेत. तरी ज्या गावात शाळा समिती जागी आहे तिथे पोर कोयत्याबरोबर फडात गेले नाही. मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांत दहावी-बारावीच्या पोरांसाठी शाळेत अभ्यासिका काढल्या, मुलींसाठी एसटीच्या निळ्या गाड्या दिल्या. गाडी आणि अभ्यासिका एकमेकींना जुळत नाहीत, ही गोष्ट मात्र गावात राहणाऱ्यालाच कळते. पोरगी अभ्यासिकेत बसली तर गाडी चुकते, गाडी धरली तर अभ्यासिका राहते. म्हणून आमचे म्हणणे आहे की पाचनंतरची जी काही सोय करायची ती हायस्कूलच्या गावी करू नका, पोराच्या स्वतःच्या गावात करा.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये एक वेगळीच गोष्ट केली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. दीड तास पोरे पुस्तक घेऊन बसतात आणि मोठी माणसे आपसात बोलतात. याला कुठले अनुदान लागले? ते बागायती गाव आहे, आपल्या कोरडवाहू गावाची संध्याकाळ वेगळी, हे खरे. सात वाजता आपली माय चुलीपाशी असते. पण गावाने एकत्र बसून संध्याकाळ ठरवली, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

आपल्याकडे तर हे नवेही नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, त्या काळी वऱ्हाडातली पोरे संध्याकाळी आखाड्यात असायची. तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना लावली, तीही दिवेलागणीच्या वेळेला. सेवादलाची शाखा संध्याकाळीच भरे. आखाड्याची माती आता बाभळीखाली गेली आणि त्या जागेवर कोणाच्या तरी आमदार निधीचा सभामंडप उभा आहे, ज्यात वर्षातून चार लग्ने लागतात.

आता आपल्याच कार्यकर्त्यांचा आक्षेप. ते म्हणतील, शेतमालाला भाव द्या, बाकीचे आम्ही पाहून घेऊ. ही समाजसेवा आपल्या चळवळीचे काम नव्हे. भीक नको, हवे घामाचे दाम, हे आम्ही विसरलेलो नाही. भाव हेच मूळ आहे. २०२५ च्या ऑगस्टात केंद्राने कापसावरचा ११ टक्के आयातकर काढला आणि पुढे डिसेंबरअखेरपर्यंत तो शून्यच ठेवला, नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळी. त्याविरुद्ध रस्त्यावर उतरायचेच. पण भावाची लढाई १९८० पासून चालू आहे. तेव्हा जे पोर पाचवीत होते त्याची नातवंडे आज पाचवीत आहेत. भाव मिळेपर्यंत पोराने वाढायचे थांबावे, असे तर आपण त्याला सांगू शकत नाही. आणि घरातल्या गोष्टीला चळवळीने हात घातला नाही, असेही नाही. १९८६ मध्ये चांदवडला हजारो शेतकरी बाया जमल्या, पुढे शरद जोशींच्या हाकेवर लक्ष्मीमुक्तीत गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन लावून दिली. त्यासाठी भाव मिळायची वाट कोणी पाहिली नव्हती.

शिवाय हा खर्च आहे किती? एका क्विंटल कापसाचा उत्पादन खर्च आपण जसा काढतो तसाच काढू. गावात ४० पोरे धरा. रोज मूठभर शेंगदाणे-गूळ, कधी ज्वारीच्या लाह्या, कधी उकडलेला हरभरा, पोरामागे ६ रुपये. महिन्याचे २२ दिवस धरले तर ५,२८०. पोरांबरोबर दोन तास राहायला गावातलीच दोन माणसे, त्यांतली एक बाई असलीच पाहिजे, प्रत्येकी ३,००० रुपये, म्हणजे ६,०००. फुकट राबवून घेण्याची सवय सरकारची, ती आपण उचलायची नाही. झाले ११,२८०. दहा महिन्यांचे १,१२,८००. चेंडू, दोऱ्या, वजनकाटा, दिवा आणि विजेचे बिल यांना आणखी दहा-बारा हजार. सव्वा लाखाच्या आत सगळे बसते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. व्यापाऱ्याने क्विंटलमागे ५०० रुपये कमी दिले, तर गावच्या २५० क्विंटल कापसातून तेवढेच सव्वा लाख जातात, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

पैसा कुठून आणायचा, याचेही उत्तर आम्ही देणगीदारांकडे मागणार नाही. शाळेच्या एका खोलीला रंग देऊन तिच्यावर आपल्या नावाची पाटी ठोकणाऱ्या बियाणे-औषध कंपन्या आम्हाला ठाऊक आहेत. कंपनी कायद्याने २०१४ पासून त्यांना नफ्यातले २ टक्के समाजावर खर्चावेच लागतात. तो उपकार नाही. पण कंपनीचा पैसा आज असतो, उद्या नसतो, आणि पोराची संध्याकाळ रोज असते. पहिला पैसा गावचाच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे, असा नियम आहे. आपल्या गावात तो पैसा कशावर गेला ते ग्रामसेवकाला विचारा. बहुतेक ठिकाणी शिलाईयंत्र नाहीतर खुर्च्या निघतील. छोट्या गावाचे ते उत्पन्नच तुटपुंजे, त्यातून फार तर शेंगदाणे भागतील, हे आम्हाला कळते. उरलेला भार वित्त आयोगाच्या निधीतला जो भाग गावाने आपल्या मनाने खर्च करायचा असतो, त्यातून उचलावा. तो आराखड्यात घातल्याशिवाय मिळत नाही. दुसरा पैसा बाजार समितीचा. आपल्या मालावरच्या शुल्कावर तिची कमान उभी राहते, संचालकांच्या गाड्या फिरतात. कायद्यात कसे बसवायचे ते संचालकांनी पाहावे. निवडणुकीचा खर्च कसा बसवायचा ते त्यांना बरोबर जमते. तिसरा पैसा दिल्लीत आहे. २०१८ पासून केंद्र आयकरावर ४ टक्के 'आरोग्य आणि शिक्षण उपकर' घेते. उपकरात राज्याला वाटा नसतो. तो आयकर आपण भरत नाही, मग हक्क कसला, असे कोणी विचारील. कापूस स्वस्तात गेला म्हणून गिरणीला नफा झाला आणि नफ्यावर कर बसला. तो पैसा कोणाच्या घामाचा ते आम्ही वेगळे सांगत नाही.

नववी-दहावीच्या पोरांना शाळेत जेवण द्या, ही मागणी मात्र थेट सरकारकडेच. त्यात गावाने पदरचे घालायचे कारण नाही.

चालवायचे कोणी? शाळा व्यवस्थापन समितीने. शिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणे तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या बाया असतात. बहुतेक गावांत ती फक्त सहीपुरती आहे. पोरांबरोबर राहायला डी.एड. होऊन घरी बसलेली पोरे-पोरी गावागावात आहेत. ज्या बाईचा धनी गेला आणि जिला रोजच्या वेचणीशिवाय दुसरा आधार नाही, तिचे नाव पहिले विचारात घ्या, पण दया म्हणून नको. पोरे जिच्याजवळ जाऊन बसतात अशी असेल तर. राजकीय गटाचा माणूस नको. गटाचा माणूस आला की दुसऱ्या गटाची पोरे घरी बसतात. आणि याला शिकवणी करू नका. पाढे, गृहपाठ, परीक्षा यांचा दुसरा घाणा पोराच्या मानेवर नको. आधी खाणे, मग खेळ, मग ज्याला वाटेल त्याने वाचावे. मुलींना घरी काम असते, त्या येणार नाहीत, असे ऐकू येईल. धाकट्याला कडेवर घेऊन येऊ द्या. वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून दोन दिवसच पोरे आली तरी वर्ग बंद करू नका. हजेरी कमी म्हणून बंद करण्याचे कारण शोधणारे पुष्कळ मिळतील.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही एवढेच ठेवतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपापल्या गावच्या आराखड्यात ही बाब लिहून घ्या, ठरावाची नक्कल हातात घ्या, आणि पाचनंतर शाळेच्या खोलीची किल्ली कोणाकडे राहील त्याचे नाव ठरावातच घाला. ज्या गावाचा ठराव झाला त्याने आणि ज्या गावाने तो फेटाळला त्यानेही, कोण काय म्हणाले ते लिहून पुढच्या बैठकीला आणावे.